उतारावरच्या आठ मात्रा

घड्याळ काढून खिशात ठेवा. ते इथे कुणाला दिसलं तर पंचाईत होईल, आणि तुम्हीच सारखे त्याच्याकडे बघत राहिलात तर त्याहून मोठी पंचाईत. तुम्ही उतरताय त्या गावात सेकंद कुणाच्या मनगटावर नाही, भिंतीवर नाही, मनोऱ्यावरही नाही. चौकातलं घड्याळ तास सांगतं आणि गप्प बसतं. लंबकाचं घड्याळ यायला अजून ५२ वर्षं आहेत.

पादुआ, ऑक्टोबर १६०४. व्हेनिसच्या प्रजासत्ताकातलं विद्यापीठाचं गाव. रस्त्याकडेने लांबच लांब कमानी, त्यांच्या आडोशाने चाललं तर पावसातही डोकं कोरडं राहतं. आपल्याकडचा हिशेब जुळवायचा तर एकनाथमहाराजांना जाऊन पाच वर्षं झालीत आणि शिवजन्माला २६ वर्षं अवकाश आहे. दिवेलागणीची वेळ. लोक थबकून नैर्ऋत्येकडे बोटं दाखवताहेत. गुरू, मंगळ आणि शनी यांच्या घोळक्यात एक नवा तारा उगवलाय, पंधरवड्यापूर्वी तिथे काहीच नव्हतं. आकाशात बदल होत नाही, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला आहे आणि विद्यापीठ दोन हजार वर्षांपूर्वीचं ते वाक्य आजही शिकवतंय. ताऱ्याने अर्थातच ते वाचलेलं नाही.

मान खाली करा आणि चालू लागा. तुमचं काम ताऱ्याशी नाही, एका लाकडी फळीशी आहे.

संत अँथनीच्या चर्चचे घुमट मागे टाकले की गणिताच्या प्राध्यापकाचं घर येतं. गॅलिलिओ गॅलिली, वय ४०. घर कसलं, निम्मी खानावळ आणि निम्मा कारखाना. वरच्या खोल्यांत पैसे भरून राहणारे श्रीमंतांचे विद्यार्थी. खाली मार्कांतोनियो मात्सोलेनी नावाचा कारागीर, जो पाच वर्षांपासून कुटुंबासह इथेच मुक्कामाला आहे आणि तोफखान्याच्या हिशेबाला लागणारे पितळी कंपास घडवतो. प्राध्यापक ते विकतो, शिवाय ते वापरायचे कसे याची शिकवणी घेतो आणि शिकवणीचे पैसे वेगळे लावतो. त्याला नावं ठेवू नका. बाप गेल्यावर बहिणींच्या हुंड्याचे हप्ते याच्याच गळ्यात पडलेत आणि धाकटा भाऊ आपला वाटा देत नाही. हे दुखणं तुम्हाला समजावून सांगायला नको.

तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, ते एका परीने बरंच आहे. इथे बोलून काही सिद्ध होणार नाही. मात्सोलेनी खूण करतो: फळीचं ते टोक धरा.

फळी साधारण दोन मीटरची आहे. मधोमध तासून गुळगुळीत केलेली खाच. तुम्ही ती जमिनीवरून ढकलता. ढकलता तोवर सरकते, थांबलात की थांबते. तुमच्या दंडाला यातून जे कळलं तेच ॲरिस्टॉटलला कळलं होतं: गती हवी तर जोर लावत राहा. हातगाडीवाल्याला विचारा, बैलाला विचारा, हेच सांगतील. आपण शाळेत न्यूटनचे तीन नियम पाठ करून मार्क मिळवतो, पण अंगात ॲरिस्टॉटलच मुरलेला असतो. तो चुकीचा का, हे दंडाला पटवून देणं फार कठीण आहे, कारण घर्षण नावाचा चोर गती चोरून नेताना आपल्याला दिसत नाही. आपल्याला फक्त थांबलेली फळी दिसते.

आणि खाली पडणाऱ्या वस्तूचं काय? जड वस्तू जितकी जड तितकी वेगाने पडते, हेही ॲरिस्टॉटलचंच. पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकून गॅलिलिओने ते खोटं पाडलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती त्याच्या शिष्याने त्याच्या मागून लिहिली आणि तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. खात्रीचा प्रयोग हॉलंडमध्ये झाला: सिमोन स्टेव्हिनने १५८६ मध्ये छापलंय की एकापेक्षा दुसरा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे त्याने ३० फुटांवरून फळीवर टाकले आणि दोघांचा मिळून एकच आवाज आला.

पण स्टेव्हिनच्या आवाजाने एवढंच कळतं की गोळे बरोबर पोचले. वाटेत काय झालं? ते सुरुवातीपासून एकाच वेगाने आले, की वाढत वाढत? वाढत आले तर कोणत्या हिशेबाने? टेबलावरचा गोळा हाताने लोटा. तो जमिनीवर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. तुमच्या तोंडून ‘अरे’ निघेपर्यंत तो खाली जाऊन घरंगळतोय. डोळा यात काही करू शकत नाही, आणि चौकातलं घड्याळ तर तासाच्या खाली यायला तयार नाही.

अशा वेळी हुशार माणूस अधिक चांगलं घड्याळ शोधत बसला असता. गॅलिलिओने पडणंच हळू केलं. उंच मनोरा सोडून दिला आणि फळीचं एक टोक जेमतेम चार बोटं उचललं. उतारावर गोळा घरंगळतो तेही पडणंच आहे, पाणी घालून पातळ केलेलं. ताकात पाणी वाढवलं तरी ताकच असतं, तसं. उतार जितका कमी तितकं पडणं सावकाश, पण वेग कसा वाढतो ती तऱ्हा तीच. माझ्या मते भौतिकशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी ही एक आहे, आणि तिला खर्च काय, तर एक फळी.

मात्सोलेनी फळीभोवती आतड्याच्या बारीक ताती बांधतोय. कुठे पाहिलंय हे? सतारीच्या दांडीवर पडदे बांधतात, तसंच. बांधलेले, पण हवे तर सरकवता येणारे. ल्यूट या वाद्यावर असेच असतात, आणि हे घर ल्यूटवाल्याचं आहे. गॅलिलिओचा बाप विन्चेन्झो नावाजलेला वादक आणि संगीताचा शास्त्री. त्याने तारांना वजनं टांगून पाहिली होती. स्वर वरच्या सप्तकात न्यायचा तर ताण दुप्पट करावा, अशी सगळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्याने वजन लावून दाखवलं की दुप्पट नाही, चौपट लागतो. ग्रंथात काय आहे ते बाजूला ठेवून वजन टांगायचं, ही सवय पोराने घरातच उचलली असणार.

आता गोळा वरच्या टोकाला. प्राध्यापक गुणगुणतोय. काय ते महत्त्वाचं नाही, लय पक्की हवी. हरिपाठाला कधी टाळ धरला असेल तर तुम्हीही मांडीवर ठेका धरा. केरवा घ्या, आठ मात्रांचा. साधारण अर्ध्या सेकंदाला एक मात्रा, ना विलंबित ना द्रुत.

धा. गोळा सुटला.

ताती सारख्या अंतरावर आहेत. गोळा प्रत्येक तातीवरून जाताना बारीक टक्‌ होतो. टक्‌… टक्‌.. टक्‌. टक्‌टक्‌टक्‌. आवाज घाईला आले. तबलजी पळाला की कसं होतं, तसं. तुमचा हात आपोआप आवळतो. बेसूर कळायला वेळ लागेल, पण बेताल आपल्याला एका क्षणात कळतं. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवालासुद्धा वाजंत्री चुकली तर कळतं.

म्हणून ताती सरकवायच्या. पहिली वर, दुसरी खाली, तिसरी आणखी खाली. पुन्हा गोळा, पुन्हा ठेका. चौथी मात्रा जरा आधी येतेय, तात बोटभर खाली घ्या. आता उशिरा, केसभर वर. मेणबत्ती बदलली गेली. तुमचे गुडघे भरून आलेत. सहाव्या तातीसाठी गोळा किती वेळा सोडला, याचा हिशेब सुटलाय. मग एकदा गोळा सुटतो आणि टक्‌, टक्‌, टक्‌, आठही ठोके बरोबर मात्रेवर पडतात, शेवटचा खालच्या टोकाशी. कुणी काही बोलत नाही. घड्याळ नव्हतं म्हणून कानाला घड्याळ केलं, आणि कानाने दगा दिला नाही.

आता फक्त मोजपट्टी. त्याच्या पट्टीवरचा एक बिंदू आपल्या मिलिमीटरपेक्षा किंचित लहान. वरच्या टोकापासून एकेका तातीचं अंतर तो लिहितो: ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४.

हा कागद आजही फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, हस्तलिखित ७२, पान १०७ ची मागची बाजू. पावणेचारशे वर्षं त्यावरच्या आकड्यांकडे कुणी फारसं पाहिलं नव्हतं. टोरंटोचे इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७० च्या दशकात ते उलगडले, आणि ताती व गाण्याचा ठेका ही जुळणी त्यांचीच. कागदावर आकडे आहेत, गाणं नाही. पण एवढे नेमके आकडे दुसऱ्या कोणत्या साधनाने आले असते, याला ड्रेक यांच्याइतकं गोड उत्तर मी तरी वाचलेलं नाही.

त्या आकड्यांकडे त्याच्या खांद्यावरून पाहा. पहिलं अंतर एक घर धरा. दोन मात्रांत जवळपास चार घरं, तीन मात्रांत नऊ, चारात सोळा, आठात चौसष्ट. डाव्या बाजूला मागाहून लिहिलेले आकडे दिसतात: १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४. अंतर काळाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. आणि एकेका मात्रेत गोळा किती पुढे गेला ते काढा: १, ३, ५, ७, ९… ओळीने विषम संख्या. आकडे हुबेहूब नाहीत, एखाद्या ठिकाणी सात-आठ बिंदूंचा फरक आहे. हाताने केलेल्या मोजणीत तो असायलाच हवा. तो नसता तर मला संशय आला असता.

विषम संख्याच का? सोपं आहे. समजा प्रत्येक मात्रेला वेग दोनने वाढतो. पहिल्या मात्रेत तो शून्यावरून दोनवर गेला, सरासरी एक. दुसरीत दोनवरून चारवर, सरासरी तीन. तिसरीत चारवरून सहावर, सरासरी पाच. म्हणजे सारख्या काळात वेगाची सारखी भर पडतेय. आणि फळीचा उतार सगळीकडे तेवढाच, म्हणजे गोळ्याला खाली ओढणारा जोरही सगळीकडे तेवढाच. आता दोन्ही शेजारी ठेवा: जोर कायम, पण वेग कायम नाही, वेगाची वाढ कायम. ॲरिस्टॉटल आणि तुमचा दंड म्हणत होते की जोरामुळे वेग असतो. फळी म्हणतेय, जोरामुळे वेग बदलतो. एका शब्दाचा फरक आहे, आणि बलाचं सगळं शास्त्र त्या शब्दावर उभं आहे.

इथवर पाहून तुम्ही टाळी वाजवणार, तर जरा थांबा. १६ ऑक्टोबरला तो व्हेनिसला मित्राला, पाओलो सार्पीला, पत्र लिहितो. वर्गाचा नियम त्यात आहे. त्याचं कारणही आहे, आणि ते कारण चूक आहे. तो म्हणतो, सुरुवातीपासून जितकं अंतर पडलं त्या प्रमाणात वेग वाढतो. अंतराच्या प्रमाणात! काळाच्या नाही. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण विचार करा: दुप्पट अंतर दुप्पट वेगाने काटायचं तर वेळ तेवढाच लागेल, म्हणजे एक हात पडायला आणि दोन हात पडायला सारखाच वेळ. त्याहून वाईट म्हणजे, अंतर शून्य असताना वेगही शून्य, तर हा गोळा सुटणारच नाही, लटकत राहील. यातला सारख्या वेळेचा पेच पुढे त्याला स्वतःलाच दिसला आणि त्याने तो स्वतःच्या पुस्तकात मांडला. तोवर बरोबर आकडे आणि चुकीचं कारण हे जोडपं त्याच्या वहीत सुखाने नांदत होतं. मला हे पत्र फार धीर देतं. गणिताचा पेपर तपासणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

आणखी एक गोष्ट त्याला या फळीवरून कळणं शक्य नव्हतं. गोळा नुसता घसरत नाही, गरगर फिरतही असतो, आणि पृथ्वीच्या ओढीचा काही वाटा त्या फिरण्यात खर्च होतो. भरीव गोळ्याला घसरणाऱ्या वस्तूच्या पाच सप्तमांश एवढाच प्रवेग मिळतो. नियमाचा आकार तोच, आकडा मात्र कमी.

आता चार वर्षं पुढे या, १६०८. घर तेच, फळी आता टेबलावर आहे, आणि खालच्या टोकाला गोळा आडवा होऊन सुटेल अशी सोय. टेबलाची उंची ८२८ बिंदू, आपल्या हिशेबात सुमारे ७८ सेंटिमीटर. गोळा ३०० बिंदूंच्या उंचीवरून सोडला तर टेबलापासून ८०० बिंदू दूर पडतो. ६०० वरून ११७२. ८०० वरून १३२८. हजारावरून १५००. कान जमिनीकडे लावा. जवळ पडणारा आणि दूर पडणारा, दोघांनाही काठ सोडल्यापासून जमीन गाठायला सारखाच वेळ लागतो. पुढे जाणं पुढे जात राहतं, पडणं पडत राहतं, दोघं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. दोन्ही मिळून जी वाट होते ती परवलय. तोपर्यंतचे तोफखान्यावरचे लोक समजत होते की गोळा आधी सरळ जातो आणि दम संपला की खाली येतो.

हा कागदही शिल्लक आहे. त्यावर मोजलेल्या अंतराशेजारी त्याने हिशेबाने किती यायला हवं होतं तेही लिहिलंय, आणि दोघांतला फरकसुद्धा. ११७२ च्या जागी ११३१ हवे होते, फरक ४१. १५०० च्या जागी १४६०, फरक ४०. फरक लपवला नाही, खोडला नाही.

पण पुढे जाणारा गोळा पुढे का जात राहतो? त्याला तर कुणी ढकलत नाही. यासाठी दोन फळ्या समोरासमोर ठेवा, एक उतरती, एक चढती. गोळा एकीवरून उतरतो आणि दुसरीवर जवळजवळ तेवढीच उंची गाठतो. चढ कमी करा, तेवढ्याच उंचीसाठी त्याला लांब जावं लागतं. आणखी कमी करा, आणखी लांब. चढ काढूनच टाका. आता तो उंची शोधत किती लांब जाईल? घर्षणाचा चोर बांधून ठेवला, तर थांबायला त्याला कारणच नाही.

एसटीचा ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवर आदळता. कुणी ढकललं? कुणीच नाही. बस थांबली, तुम्ही चालतच राहिलात.

पुढचे थांबे भराभर घेऊ. १६३८, फ्लॉरेन्सजवळचं आर्चेत्री. म्हातारा नजरकैदेत आहे आणि दोन्ही डोळे गेलेत. पृथ्वी फिरते म्हटल्याबद्दलची शिक्षा चालू आहे, म्हणून गतीवरचं पुस्तक दूर लायडनला छापावं लागलं. त्यात वेग काळाच्या प्रमाणात वाढतो असं आता स्वच्छ लिहिलंय. त्यात एक मोठी फळीही आहे, १२ हात लांब, खाचेला गुळगुळीत चामडं, काशाचा गोळा. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी, आणि ते तराजूत तोलायचं. आपल्याकडे मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडायचे, तशीच जात; फक्त घटिका २४ मिनिटांची, आणि याचा दावा नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या भागाइतकीही चूक न होण्याचा. फ्रान्समधले विद्वान अलेक्झांडर कोयरे यांना हे सगळं काल्पनिक वाटलं. मग १९६१ मध्ये अमेरिकेत थॉमस सेटल या तरुणाने साध्याच सामानानिशी तोच प्रयोग करून पाहिला. जमला.

केंब्रिज, ऑगस्ट १६८४. एडमंड हॅली न्यूटनला विचारतोय की सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाने घटत असेल तर ग्रहाची वाट कशी असेल. न्यूटन म्हणतो लंबवर्तुळ, आणि सिद्धतेचा कागद मात्र त्याला सापडत नाही. तीन वर्षांनी ‘प्रिन्सिपिया’ येतं. आडवी गती सरळ रेषेत कायम राहते, हे तिथे पक्कं होतं. गॅलिलिओच्या मनात ती पृथ्वीभोवती वळणारीच होती. तिसरा नियमही तिथेच येतो: पृथ्वी गोळ्याला जितकी ओढते तितकाच गोळाही पृथ्वीला ओढतो. नियम मांडून झाल्यावर न्यूटन लिहितो की पडण्यातला काळाचा वर्ग आणि फेकलेल्या वस्तूचं परवलय गॅलिलिओने शोधलं. न्यूटन श्रेय वाटण्यात सढळ नव्हता, त्यामुळे ही नोंद मोलाची.

परत या. घड्याळ घाला मनगटात, पण उद्या संध्याकाळी पुन्हा काढा. दोन मीटरची वायरिंगची प्लॅस्टिकची पट्टी आणा, झाकण काढून सरळ फळीवर चिकटवा आणि एक टोक सहा सेंटिमीटर उचला. वरून ३, १२, २७, ४८, ७५, १०८, १४७ आणि १९२ सेंटिमीटरवर शिवणाचा बारीक दोरा आडवा चिकटवा. पोरांपैकी एकाला केरवा धरायला सांगा आणि समेवर गोटी सोडा. पहिला दोरा थोडा मागेपुढे करावा लागतो. पंखा बंद ठेवा, नाहीतर टक्‌ ऐकू येत नाही.